पृष्ठक्रियाकारक : कर्ता की करण?

परळ-लालबागच्या कापडगिरण्या चालत होत्या, त्या काळी धुलाई-रंगाईच्या खात्यांत साबण व तत्सम द्रव्ये नित्य लागत. मुंबई विद्यापीठाने १९३३ मध्ये रसायन-तंत्रशास्त्राचा विभाग स्थापिला, त्यातही वस्त्ररसायनाला आरंभापासून स्थान होते. अशा द्रव्यांस मराठीत ‘पृष्ठक्रियाकारक’ म्हणतात. कापड भिजविण्यापुरते हे नाव निर्दोष होय. द्रव पटलांवरील विद्युत् वर्चसाच्या आंदोलनांचे विवेचन करताना मात्र ते अभ्यासकास चकविते.

योशिकावा व मात्सुबारा यांनी १९८३-८४ मध्ये वर्णिलेल्या रचनेत पाण्याच्या दोन थरांमध्ये पिक्रिक आम्लयुक्त तैलद्रव असतो. हेच द्रव पटल. एका बाजूच्या पाण्यात धनभारित पृष्ठक्रियाकारक विरघळविले असता दोन्ही पाण्यांमधील वर्चसभेद आपोआप वरखाली होऊ लागतो. रूढ उपपत्ती अशी : कारकाचे रेणू आंतरपृष्ठावर साचतात; साचण्याची सीमा गाठली की ते एकाएकी तैलद्रवात शिरतात; पृष्ठ रिते होते आणि पुन्हा भरू लागते.

येथे भाषेचा प्रश्न उद्भवतो. मराठीत ‘रामाने झाड तोडले’ आणि ‘कुऱ्हाडीने झाड तोडले’ या दोन्ही वाक्यांत प्रत्यय एकच, ‘ने’. कारके मात्र भिन्न. ‘पृष्ठक्रियाकारकाने आंदोलन घडविले’ असे लिहिणारा राम सांगतो की कुऱ्हाड, हे वाक्यावरून उमगत नाही. त्यात ‘कारक’ हा शब्द कर्त्याकडेच कल झुकवितो. पाणिनीच्या मते कर्ता तो, जो स्वतंत्र. हे द्रव्य स्वतंत्र नाही. दोन बाजूंच्या संहतींत भेद आहे तोवरच आंदोलन चालते. भेद मावळला की द्रव्य शिल्लक असूनही ते थांबते. म्हणजे प्रेरणा भेदाची, अधिकरण आंतरपृष्ठाचे, आणि पृष्ठक्रियाकारक हे केवळ करण.

हा शब्दच्छल नव्हे. द्रव्यालाच कर्ता मानले की त्याचा स्वभाव सांगून विवेचन संपते. मग आंदोलन कोणत्या आंतरपृष्ठावर उगम पावते, हा प्रश्न विचारलाच जात नाही. संशोधकांत खरा वाद तर त्याच प्रश्नावर झाला आहे. ऋणभारित द्रव्य घेतले किंवा पाण्यात अल्कोहोल मिसळले, तर आंदोलनाचे रूप पालटते. तेही एकट्या द्रव्याच्या स्वभावावरून उलगडत नाही.

दुसरा दोष उपमेचा. या रचनेस मज्जातंतूची वा रुचिसंवेदनेची प्रतिकृती म्हणण्याची प्रथा पडली. हॉजकिन व हक्स्ले यांनी १९५२ मध्ये मज्जातंतूतील स्पंदाचे गणित मांडले, ते सोडियम व पोटॅशियम आयनांच्या वेगवेगळ्या पार्यतेवर. त्यांचे मार्ग प्रथिनांचे असतात. पेशीचे पटल काही नॅनोमीटर जाडीचे; येथील तैलद्रवाचा थर डोळ्यांना दिसतो आणि त्यात प्रथिनमार्ग नाहीत. साम्य आलेखाच्या आकाराचे आहे, यंत्रणेचे नव्हे.

यास्तव मराठीत या विषयावर लिहिणाऱ्याने द्रव्य कोणते, कोणत्या बाजूस, किती संहतीचे, आणि बदल कोणत्या आंतरपृष्ठावर, हे प्रत्येक वाक्यात स्पष्ट करावे. संज्ञा बदलण्याची निकड नाही. तिच्यातील ‘कारक’ शब्दाने दिलेला कर्तेपणा मात्र प्रयोगाच्या पुराव्यावाचून मान्य करू नये.