चित्रपट-समीक्षकांचा कौल आणि आपला विवेक

चित्रपट पाहावा की पाहू नये, हा प्रश्न आपल्या मंडळ्यांतून आता फारसा विचारला जात नाही. कोणता पाहावा, एवढेच विचारले जाते. आणि त्याच्या उत्तरासाठी पाळकांची किंवा उपदेशकांची वाट पाहत कोणी थांबत नाही. अनगोळमधील एखाद्या घरात शुक्रवारी दुपारपर्यंत ते उत्तर मुलाच्या मोबाईलवर येऊन पोहोचलेले असते : पाचपैकी अडीच तारे, पाचपैकी चार तारे. त्यासोबत शेदोनशे शब्दांचे परीक्षण असते. पण तारे दिसल्यावर शब्द वाचण्याचे कष्ट थोडेच लोक घेतात.

या ताऱ्यांचे आपण काय करावे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या तरुणांना आपण शास्त्र शिकवतो, त्यांची न्याय करण्याची सवय घडते कोठे, हे पाहू गेल्यास तो क्षुल्लक राहत नाही. प्रस्तुत लेखात अलीकडील चार चित्रपट आणि त्यांवरील समीक्षकांची मते यांच्या आधारे एकच मुद्दा मांडावयाचा आहे. समीक्षक दोन गोष्टी देतो : निकाल आणि साक्ष. त्याने काय पाहिले, हे तो सांगतो ती साक्ष. चित्रपट चांगला की वाईट, हे सांगतो तो निकाल. आपण निकाल उचलतो आणि साक्ष टाकून देतो. हा क्रम उलटा झाला पाहिजे.

१. याद्यांचा जुना मोह

निकालाची ही हौस केवळ वृत्तपत्रांनीच निर्माण केली, असे म्हणता येणार नाही. ख्रिस्ती मंडळीनेही ती एके काळी मोठ्या उत्साहाने जोपासली. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॅथलिक सभ्यता-संघाने चित्रपटांची अ, ब, क अशी वर्गवारी सुरू केली. ‘क’ म्हणजे निषिद्ध. १९३६ साली पोप अकरावे पायस यांनी चित्रपटांविषयी परिपत्रक काढले व देशोदेशी अशा वर्गवारीच्या याद्या प्रसिद्ध कराव्यात, असे सुचवले. हेतू शुद्ध होता. परंतु यादीने भाविकाला चित्रपटापासून वाचवले की विचार करण्यापासून, हा प्रश्न लवकरच उभा राहिला. आजचे तारे ही त्याच यादीची धर्मनिरपेक्ष आवृत्ती आहे. नैतिकतेच्या जागी करमणुकीची मात्रा आली, इतकाच काय तो फरक.

त्याच मंडळीत दुसरी वाटही तयार झाली होती. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट-संघटनेने महोत्सवांतून आपले परीक्षक बसवून पारितोषिके देण्यास आरंभ केला. १९६४ साली व्हेनिस येथे तिने पाझोलिनी या मार्क्सवादी व नास्तिक दिग्दर्शकाच्या, मत्तयाच्या शुभवर्तमानावरील चित्रपटाची निवड केली. चार वर्षांनी त्याच दिग्दर्शकाच्या ‘तेओरेमा’ या वादग्रस्त चित्रपटाला तिने पारितोषिक दिले, तेव्हा रोमहून नापसंती व्यक्त झाली. प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी १९५५ साली ‘इंटरफिल्म’ ही संघटना काढली आणि १९७४ पासून कान महोत्सवात दोन्ही परंपरांचे संयुक्त परीक्षक-मंडळ बसू लागले. त्याने पहिल्याच वर्षी फासबिंडरच्या चित्रपटाला गौरवले. तो चित्रपट एक वृद्ध विधवा सफाई-कामगार आणि एक परदेशी मजूर यांच्या विवाहाची कथा सांगतो. या मंडळांचे सर्व निर्णय योग्य होते, असे आमचे म्हणणे नाही. त्यांना आपल्या निर्णयाची कारणे द्यावी लागत आणि त्या कारणांशी इतरांना वाद घालता येई, हे येथे महत्त्वाचे आहे. ‘क’ या अक्षराशी वाद घालता येत नाही. साडेतीन ताऱ्यांशीही नाही.

२. आधी प्रकार, मग मूल्य

शास्त्राच्या अभ्यासकाला एक गोष्ट नव्याने सांगावयास नको. उतारा काय म्हणतो, हे ठरवण्यापूर्वी तो कोणत्या प्रकारचा आहे, हे ठरवावे लागते. हेर्मान गुंकेल यांनी स्तोत्रांचे विलाप, उपकारस्तुती, राजस्तोत्रे असे प्रकार पाडून दाखवले, त्याचे मर्म हेच. लूककृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायातील अन्यायी कारभाऱ्याचा दाखला जो सदाचाराचा धडा म्हणून वाचील, तो गोंधळून जाईल. कारण त्या दाखल्यात अनुकरण करावे असा सज्जन शोधून सापडत नाही.

हाच नियम चित्रपटास लागू आहे आणि मराठी परीक्षणांत तोच वारंवार मोडला जातो. आमचा समीक्षक, चित्रपट कोणत्याही प्रकारचा असो, त्यात ‘आशय’ व ‘संदेश’ शोधतो. संदेश सापडला की कलेतील उणिवांना क्षमा. न सापडला तर ‘निव्वळ करमणूक’ हा शेरा. प्रवचनाची ही फूटपट्टी त्याने कदाचित आपल्याकडूनच उसनी घेतली असेल.

परेश मोकाशी यांचा ‘वाळवी’ (२०२३) हे याचे उत्तम उदाहरण. पती आणि त्याची प्रेयसी पत्नीच्या हत्येचा बेत आखतात आणि बेत फसत जातो, अशी ही काळ्या विनोदाची रहस्यकथा. समीक्षकांनी तिच्या पटकथेची मुक्तकंठाने स्तुती केली आणि ७० व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. तरीही ‘यातून घ्यावयाचे काय?’ असा प्रश्न पडणारे प्रेक्षक आपल्यात आहेत. त्यांनी अन्यायी कारभारी आठवावा. आपण चतुर आहोत, या भ्रमात माणूस एकेक पाऊल कसा खोल जातो आणि शेवटी क्षुद्र किडा त्याच्यावर कशी मात करतो, हे दाखवणे हेच त्या कथाप्रकाराचे काम आहे. ते त्याने हसवत केले आहे. शेवटी एखादे पात्र उभे राहून पश्चात्तापावर बोलले असते, तर चित्रपट अधिक नीतिमान झाला नसता. फक्त अधिक खोटा झाला असता.

३. जेथे श्रद्धाच समीक्षकाचा हात धरते

दुसरे उदाहरण अधिक नाजूक आहे. लक्ष्मण उतेकर यांचा ‘छावा’ हा हिंदी चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. छत्रपती संभाजी महाराजांच्या जीवनावरील शिवाजी सावंत यांच्या कादंबरीचा त्याला आधार आहे. प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला. समीक्षकांत मात्र मतभेद दिसले. विकी कौशल यांच्या अभिनयाची प्रशंसा करणाऱ्यांपैकी अनेकांनी चित्रपटाचा कर्कशपणा, संगीत आणि इतर पात्रांचे उथळ रेखाटन यांवर बोट ठेवले.

अशा वेळी समीक्षकाची कसोटी लागते. चित्रपटावर टीका म्हणजे पूज्य पुरुषावर टीका, असे समीकरण मांडले जाते. सीमाभागात, जेथे मराठी माणूस शिवरायांच्या नावाशी आपली अस्मिता जोडून आहे, तेथे तर अधिकच. ख्रिस्ती वाचकाला हा अनुभव परका नसावा. प्रभूच्या जीवनावरील कितीतरी बेतास बात चित्रपट केवळ विषयाच्या पुण्याईवर आपण डोळे भरून पाहिले आहेत. विषयाचे पावित्र्य कृतीला आपोआप चिकटत नाही, हा साधा विवेक दोन्हीकडे सारखाच हवा.

शिवाय येथे केवळ कलेचा प्रश्न नव्हता. चित्रपटात ज्यांना फितूर दाखवले, त्या शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली. मार्च २०२५ मध्ये नागपूर येथे दंगल झाल्यावर, या चित्रपटाने औरंगजेबाविषयीच्या लोकभावना प्रज्वलित केल्या, असे मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले. दंगलीचे उत्तरदायित्व चित्रपटावर टाकणे आम्हांस योग्य वाटत नाही. ते दंगल करणाऱ्यांचे आहे. परंतु अखेरच्या छळाच्या दृश्यांचा लांबलेला तपशील प्रेक्षकाच्या मनात करुणा जागी करतो की केवळ सूड, हे विचारणे समीक्षकाचे कर्तव्य होते. वधस्तंभाचे चित्रण करणाऱ्या प्रत्येक चित्रपटालाही आपण हाच प्रश्न विचारला पाहिजे.

४. एकाच महिन्यातील दोन चित्रपट

सप्टेंबर २०२५ मध्ये एका आठवड्याच्या अंतराने दोन मराठी चित्रपट आले. सुबोध खानोलकर यांचा ‘दशावतार’ १२ तारखेस, तर रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ १९ तारखेस.

‘दशावतार’मध्ये कोकणातील एक वृद्ध दशावतारी नट आहे, दृष्टी मंदावत असतानाही रंगभूमी न सोडणारा. ही भूमिका ऐंशी ओलांडलेल्या दिलीप प्रभावळकर यांनी केली असून तिच्याविषयी समीक्षकांचे जवळजवळ एकमत झाले. खाणीचे संकट आणि नटाने सोंगातून घेतलेला सूड, या भागाविषयी मात्र ते नव्हते. पुष्कळांना कानडी ‘कांतारा’ची (२०२२) आठवण झाली. तुलना स्वाभाविक असली, तरी ती बहुधा अपुरी राहिली. ‘कांतारा’तील भूतकोला हा विधी आहे, तेथे दैवत माणसाच्या अंगात संचार करते, अशी भाविकांची धारणा असते. दशावतार हे नाट्य आहे. नट सोंग घेतो आणि पहाटे रंग पुसतो. सोंग आणि संचार यांतील हा फरक ज्या परीक्षणाने टिपला नाही, त्याने चित्रपटाचा गाभाच चुकवला. मग सोंग काढल्यावर हातून घडलेल्या हिंसेचा जबाब कोणी द्यावयाचा, नटाने की सोंगाने? चित्रपट या प्रश्नाच्या दारापर्यंत येतो आणि आत न शिरता टाळ्यांकडे वळतो, हे आमचे मत.

‘साबर बोंडं’ला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. वडिलांच्या मृत्यूनंतर मुंबईतील एक तरुण दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. तेथे बालपणीच्या मित्राशी त्याचे प्रेम जुळते. या विषयावर आपल्या मंडळ्यांत एकमत नाही आणि ते येथे एका परिच्छेदात होणारही नाही. परंतु ज्या परीक्षणांनी चित्रपटाला केवळ ‘धाडसी’ म्हटले आणि ज्या वाचकांनी केवळ विषय ऐकून पाठ फिरवली, त्या दोघांनीही तो पाहिला नाही, असे म्हणावे लागते. दुःखाच्या घरी जमलेले नातलग मृताविषयी बोलता बोलता मुलाच्या लग्नावर कसे घसरतात. सांत्वनाच्या नावाखाली चौकशी कशी चालते. आणि सारे जाणणारी आई किती थोड्या शब्दांत मुलाच्या बाजूने उभी राहते, हे त्यात फार संयमाने दिसते. शोकाच्या घरी वारंवार जाऊन बसणे हे ज्यांचे काम आहे, त्या पाळकांना हे पाहणे उपयोगी पडेल. मग त्यांचे धर्मशास्त्रीय मत काहीही असो. चांगला समीक्षक येथे आपल्या मताला कौल देत नाही. आपल्या नजरेतून सुटलेले काही दाखवून देतो.

५. सीमाभागातील वाचकाचे भाग्य

बेळगाव-निपाणीच्या वाचकाची एक जुनी तक्रार आहे : मराठी परीक्षणे पुण्या-मुंबईत लिहिली जातात, कानडी बंगळुरात, आपल्या भागाचा विचार कोणी करत नाही. तक्रार खरी आहे. पण तिच्यातच एक लाभ दडला आहे. अनगोळच्या पुष्कळ घरांत दोन्ही भाषा समजतात. ‘कांतारा’वरचे कानडी परीक्षण आणि ‘दशावतार’वरचे मराठी परीक्षण शेजारी ठेवून वाचणे येथील तरुणाला शक्य आहे, आंबोली घाट उतरला की दशावताराचा मुलूख लागतो आणि भूतकोल्याचा किनारा याच राज्यात आहे. दोन साक्षीदार असल्याशिवाय निर्णय करू नये, हा शास्त्रातील दंडक पाळण्याची अशी सोय फार थोड्यांना लाभते.

६. काय करता येईल

तरुण-संघात किंवा धर्मशिक्षणाच्या वर्गात तीन गोष्टी सहज करता येतील. पहिली, एकाच चित्रपटावरील परस्परविरोधी दोन परीक्षणे तारे झाकून वाचावीत आणि दोघांनी काय पाहिले, याची स्वतंत्र नोंद करावी. दुसरी, चर्चेचा पहिला प्रश्न ‘आवडला का?’ असा नसावा. ‘हा कोणत्या प्रकारचा चित्रपट आहे आणि त्या प्रकाराकडून काय अपेक्षावे?’ असा असावा. तिसरी, संदेशाचा प्रश्न सर्वांत शेवटी यावा आणि उत्तर ‘काही नाही’ असे आले, तरी ते ऐकून घ्यावे.

यासाठी उपदेशकाने चित्रपटांचा जाणकार असण्याची आवश्यकता नाही. दादासाहेब फाळके १९१० च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहावयास गेले, तेव्हा त्यांनी पडद्यावर राम आणि कृष्ण पाहिले व १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ निर्माण केला. त्या मूकपटाला किती तारे मिळाले असते, हे सांगता येत नाही; पण त्या खेळाला बसलेल्या इतरांपेक्षा फाळके यांना त्यात काही निराळे दिसले आणि त्यातून एक परंपरा निघाली. आपल्या वर्गातील मुलांना काय दिसते, हे आपण अद्याप विचारलेले नाही. पुढील चर्चेचा आरंभ तेथून करावा.