मरी, पाठशाळा आणि इंग्रजी भाषा : एका कारणमीमांसेची चिकित्सा

इ. स. 1348 च्या उन्हाळ्यात डॉर्सेट परगण्यातील मेल्कम बंदरातून प्लेग इंग्लंडमध्ये शिरला, आणि पुढील दीड वर्षात त्या देशातील किमान एक तृतीयांश, पुष्कळ अभ्यासकांच्या मते जवळजवळ निम्मी, प्रजा नाहीशी झाली. मजुरीचे दर वाढले, भूदासपद्धती खिळखिळी झाली, ओसाड पडलेल्या शेतजमिनी चराऊ कुरणे बनल्या. हे परिणाम सर्वश्रुत आहेत. त्यांच्या जोडीला एक भाषिक परिणामही सांगण्याचा प्रघात आहे. तो असा की, ह्या मरीमुळे इंग्लंडमधील फ्रेंचचे वर्चस्व संपुष्टात येऊन इंग्रजीला प्रतिष्ठा लाभली. आल्बर्ट बॉ ह्यांच्या 1935 च्या सुप्रसिद्ध ग्रंथात हे मत संयमाने मांडलेले आहे. कामकरी वर्गाचे महत्त्व वाढले आणि त्याबरोबर त्याच्या भाषेचेही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. आणि तोही अनेक कारणांपैकी एक म्हणून. विद्यार्थ्यांच्या टिपणवह्यांत मात्र हा संयम गळून पडतो आणि 'मरी आली, फ्रेंच गेली' एवढे सूत्र शिल्लक राहते. ह्या सूत्राची तपासणी होणे अवश्य आहे. कारण भाषिक परिवर्तनाची कारणे कशी शोधावीत हा प्रश्न तीत गुंतलेला आहे.

ह्या मताचा मुख्य आधार म्हणजे जॉन ट्रेव्हिसा ह्याचा एक लहानसा परिच्छेद होय. चेस्टरच्या मठातील रॅनल्फ हिग्डेन ह्याने 'पॉलिक्रॉनिकन' नावाचा विश्वेतिहास लॅटिनमध्ये लिहिला होता. ट्रेव्हिसाने त्याचे इंग्रजी भाषांतर 1387 मध्ये पूर्ण केले. पाठशाळेतील मुलांना स्वभाषा टाकून लॅटिन पाठाचा अर्थ फ्रेंचमध्ये लावावा लागतो आणि त्यामुळे देशभाषा बिघडते, अशी हिग्डेनची तक्रार होती. तेथे ट्रेव्हिसाने स्वतःची पुरवणी जोडली. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ही रीत पहिल्या मरीपूर्वी फार प्रचलित होती, नंतर ती काहीशी पालटली. जॉन कॉर्नवॉल ह्या व्याकरणशिक्षकाने फ्रेंचऐवजी इंग्रजीतून अर्थ लावण्याचा प्रघात पाडला, त्याच्यापासून तो रिचर्ड पेंक्रिच ह्याने उचलला, त्याच्यापासून इतरांनी. आणि आता, म्हणजे 1385 मध्ये, सर्व व्याकरणशाळांतून मुले इंग्रजीतच शिकतात. मुलांचे व्याकरण लवकर होते हा ट्रेव्हिसाच्या मते लाभ, आणि समुद्रापार गेल्यावर फ्रेंचवाचून अडते हा तोटा. (ट्रेव्हिसाने वापरलेला शब्द आणि मराठीतील 'मरी' हे दोन्ही अखेर 'मरणे' ह्या अर्थाच्या एकाच आदिधातूपर्यंत जातात, ही गोष्ट भाषाभ्यासकाच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही.)

आता हा परिच्छेद बारकाईने वाचला असता काय दिसते? ट्रेव्हिसा मरीला कारण म्हणत नाही. शिक्षकांच्या मृत्यूचा किंवा मजुरांच्या उत्कर्षाचा तो निर्देशही करीत नाही. मरी येथे केवळ कालदर्शक खूण म्हणून आलेली आहे. 'दुष्काळाच्या साली' किंवा 'पुराच्या आधी' असे आपल्याकडील वृद्ध माणसे म्हणतात, तसा हा प्रयोग होय. 'नंतर' ह्या शब्दातून 'म्हणून' हा अर्थ उत्तरकालीन वाचकांनी काढला. ह्याला आपल्या शास्त्रकारांनी काकतालीय न्याय असे सार्थ नाव दिलेले आहे.

आणखी एक पुरावा ह्याहूनही बोलका आहे. ज्या कॉर्नवॉलला ह्या परिवर्तनाचे श्रेय दिले जाते तो ऑक्सफर्ड येथे शिकवीत असे, आणि त्याच्या 'स्पेक्युलम ग्रामाटिकाले' ह्या व्याकरणग्रंथात लॅटिन उदाहरणांबरोबर इंग्रजी वाक्ये आढळतात. ह्या ग्रंथाचा काळ 1346 आहे. म्हणजे प्लेगचे जहाज किनाऱ्याला लागण्यापूर्वी दोन वर्षे. जे आधीच घडू लागले होते त्याचे जनकत्व मरीला कसे देता येईल?

फ्रेंचचा पाया तर त्याहीपूर्वी ढासळू लागला होता. 1204 मध्ये नॉर्मंडी हातची गेल्यावर इंग्लंडमधील सरदारवर्गाचा फ्रान्सशी असलेला जमीनजुमल्याचा संबंध क्षीण होत गेला. तेराव्या शतकाच्या मध्यास बिब्सवर्थच्या वॉल्टरने एका सरदारघराण्यातील मुलांना फ्रेंच शिकवण्यासाठी एक पद्यग्रंथ रचला, आणि त्यातील फ्रेंच शब्दांचे अर्थ इंग्रजीत द्यावे लागले. ज्या मुलांना फ्रेंच शब्दाचा अर्थ इंग्रजीतून सांगावा लागतो, त्यांची मातृभाषा कोणती होती हे वेगळे सांगावयास नको. सारांश, 1348 मधील इंग्लिश फ्रेंच ही बव्हंशी शिकून येणारी भाषा होती.

येथे कोणी म्हणेल की, मग मरीचा भाषेशी संबंधच नव्हता काय? होता; परंतु तो कोठे शोधावा हे नॉर्वेच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. 1349 मध्ये हाच रोग बर्गेनला पोहोचला. तेथील बिशपांपैकी ऑस्लोचा एकटा वाचला असे सांगितले जाते. सागावाङ्मयाची समृद्ध परंपरा असलेली नॉर्वेची जुनी लेखनभाषा त्यानंतर वेगाने निस्तेज होत गेली. 1380 मध्ये डेन्मार्कशी राजकीय संयोग झाला, आणि सोळाव्या शतकात लेखनव्यवहार डॅनिशच्या हाती गेला. नॉर्वेचे इतिहासकार ह्या ऱ्हासाच्या कारणांत मरीची गणना करतात. म्हणजे एकच मरी एका देशात देशभाषेला तारक आणि दुसऱ्या देशात मारक ठरते! ज्या कारणाने परस्परविरुद्ध कार्ये सिद्ध होतात ते कारण तरी अपुरे, नाही तर चुकीच्या ठिकाणी लावलेले असले पाहिजे.

वस्तुतः दोन्ही देशांत मरीने एकाच गोष्टीवर घाव घातला, तो म्हणजे शिकवली जाणारी, लिहिली जाणारी प्रमाणभाषा. आईच्या मांडीवर मिळणारी भाषा, माणसे उरली तोवर उरते. निम्मे गाव मेले तरी उरलेले निम्मे तीच बोलते. नॉर्वेच्या खोऱ्यांतील बोली अशाच टिकल्या, आणि एकोणिसाव्या शतकात ईवार आसेन ह्याने त्यांच्यातूनच नवी लेखनभाषा उभी केली. याउलट शाळेतून आणि कचेरीतून येणारी भाषा शिक्षकांच्या साखळीवर अवलंबून असते. इंग्लंडमध्ये बिशपांच्या दप्तरांवरून धर्मगुरूंचा मृत्युदर चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या घरात येतो. ही साखळी तुटली तेव्हा जी प्रमाणभाषा लोकांच्या बोलीपासून अलग होती ती कोसळली. इंग्लंडच्या शाळांत ती फ्रेंच होती. नॉर्वेत ती लोकांचीच, पण त्यांच्या बोलींपासून दूर जाऊ लागलेली, लेखी रूढी होती.

मात्र साखळी तुटणे पुरेसे नाही. ती पुन्हा जोडू पाहणारा कोणी आहे की नाही हेही पाहावे लागते. धर्मगुरू आणि कायदेपंडित ह्यांची हानी भरून काढण्यासाठी नॉर्विचचा बिशप विल्यम बेटमन ह्याने 1350 मध्ये केंब्रिज येथे ट्रिनिटी हॉलची स्थापना केली. लॅटिनच्या पाठीशी चर्च उभे होते. शालेय फ्रेंचच्या पाठीशी कोणीही उभे नव्हते. डेन्मार्कमध्येही मरी आली होती, पण तेथे राजसत्ता होती, आणि डॅनिश टिकली.

मजुरांच्या उत्कर्षाचा युक्तिवाद ह्या कसोटीवर थिटा पडतो. 1349 चा वटहुकूम आणि 1351 चा कायदा ह्यांनी मजुरीचे दर मरीपूर्वीच्या पातळीवर बांधून ठेवण्याचा प्रयत्न केला. मजूर महत्त्वाचे झाले होते ह्याचा हा सबळ पुरावा होय. तथापि ज्यांना ही मजुरी द्यावयाची ते मालकही घरी इंग्रजीच बोलत होते. 1381 च्या बंडाचे महत्त्व निर्विवाद असले, तरी शाळांतील पालट ट्रेव्हिसाच्या साक्षीप्रमाणे तोपर्यंत रूढ होत आलेला होता.

राहता राहिला 1362 चा कायदा, जो ह्या मताचे दुसरे प्रमाण म्हणून दाखवला जातो. फ्रेंच लोकांना समजत नाही म्हणून न्यायालयातील वादविवाद इंग्रजीत व्हावेत, असे त्याने ठरवले. पण तो कायदा स्वतः फ्रेंचमध्ये लिहिलेला आहे, आणि नोंदी लॅटिनमध्ये ठेवाव्यात असे त्यातच सांगितले आहे. वकिलांची शिक्षणपरंपरा लंडनच्या विधिशाळांतून अखंड चालू राहिली, आणि त्यामुळे खटल्यांचे वृत्तान्त सतराव्या शतकातही एका विचित्र, इंग्रजी शब्दांनी भरलेल्या फ्रेंचमध्ये लिहिले जात होते. ते फ्रेंच आणि नोंदींतील लॅटिन ह्यांचे अंतिम उच्चाटन करण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. तो 1733 मध्ये अमलात आला.