कोन कोणाला हवा?

बारावीच्या गणितात व्यस्त त्रिकोणमितीय फलनांचे प्रकरण येते. एनसीईआरटीच्या पुस्तकात ते दुसरेच प्रकरण आहे. या फलनांचा कलनशास्त्रात आणि विज्ञान-अभियांत्रिकीत उपयोग होतो, एवढे सुरुवातीला सांगितले जाते. पुढे प्रांत, व्याप्ती, मुख्य मूल्ये आणि सूत्रांची सिद्धता. एखाद्या विद्यार्थ्याने 'हे लागते कुठे?' असे विचारले, की वर्गात ठरलेली यादी येते : शिडीचा कोन, छपराचा उतार, घाटरस्त्याची चढण. ही यादी आम्हीही अनेकदा सांगितली आहे. आज आमची तक्रार तिच्याबद्दलच आहे.

मुरबाड तालुक्यातील, नाणेघाटाच्या पायथ्याजवळचे वैशाखरे गाव घेऊ. तेथील सुतार छपराचे वासे बसवताना कोन काढत बसत नाही. आढ्याची उंची आणि भिंतीपासूनचे अंतर यांच्या प्रमाणावर त्याचे काम चोख होते. शाळेच्या दारातील रॅम्पचा नियमही '१ ला १२' असा प्रमाणातच सांगतात. तो कोन सुमारे ४.८ अंश भरतो, हे माहीत नसल्याने गवंड्याचे काही अडत नाही. यादीतील उदाहरणे खोटी नाहीत, पण दुबळी आहेत, आणि चौकस विद्यार्थ्याला हे चटकन कळते.

मग कोन खरोखर हवा कोणाला? काहीतरी फिरत असते आणि आपल्याला वेळ काढायची असते, तेव्हा कोनावाचून गत्यंतर नसते. पृथ्वी ४ मिनिटांत १ अंश फिरते. काळ कोनाच्या प्रमाणात वाढतो, त्याच्या साइनच्या किंवा टॅनच्या प्रमाणात नव्हे. म्हणून लांबीच्या गुणोत्तरापासून घड्याळाकडे जाण्याची वाट व्यस्त फलनांतूनच जाते.

२१ मार्चच्या सुमारास वैशाखऱ्याच्या शाळेच्या अंगणात एक मीटरची काठी उभी रोवली, तर तिची मध्यान्हीची सर्वांत आखूड सावली सुमारे ३५ सेंटिमीटर भरेल. ०.३५ हा त्या गावाच्या अक्षांशाचा टॅन. जुने ज्योतिर्गणिती १२ अंगुळांच्या शंकूची हीच सावली घेत आणि तिला पलभा म्हणत. वैशाखऱ्याची पलभा ४.२ अंगुळे येते.

आता २१ जूनला सूर्याची क्रांती २३.४४ अंश असते. तिचा टॅन ०.४३४. दोन्हींचा गुणाकार ०.१५२. येथपर्यंत कोन लागलेला नाही. पण ०.१५२ म्हणजे किती मिनिटे, असे विचारताच व्यस्त साइन घ्यावा लागतो. तो ८.७ अंश, म्हणजे ३५ मिनिटे. सूर्य सकाळी तेवढा लवकर उगवतो आणि संध्याकाळी तेवढाच उशिरा मावळतो. दिनमान झाले १३ तास १० मिनिटे. वातावरणातील वक्रीभवन आणि सूर्यबिंबाचा आकार धरला, तर त्यात आणखी सात-आठ मिनिटांची भर पडते. या ८.७ अंशांना 'चर' म्हणतात. भास्कराचार्यांच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त (इ. स. ११५०) ते आहे, आणि पंचांगातील दिनमानाच्या मुळाशीही तेच आहे.

प्रांत पाठ करून घ्यावा लागतो, अशी शिक्षकांची तक्रार असते. तोही येथे बोलू लागतो. हेच गणित ७० अंश उत्तर अक्षांशावर केले तर गुणाकार १.१९ येतो. एवढा साइन असलेला कोनच नाही. उत्तर नाही म्हणजे चूक झाली असे नव्हे. त्या दिवशी तेथे सूर्य मावळतच नाही.

तरीही वैशाखऱ्यात पंचांगाच्या वेळेला सूर्य दिसत नाही, कारण पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी आहे. कड्याचा माथा शाळेपासून ६०० मीटर वर आणि ४ किलोमीटर दूर आहे असे धरू. त्याचा उन्नत कोन म्हणजे ०.१५ चा व्यस्त टॅन, साडेआठ अंश. विषुवदिनी एवढे वर यायला सूर्याला या अक्षांशावर सुमारे ३६ मिनिटे लागतील. पंचांग चूक की गाव चूक, हा प्रश्न मग उरत नाही.

पाठ्यपुस्तकाने सिद्धता गाळाव्यात असे आमचे म्हणणे नाही. पण उंची-अंतराच्या उदाहरणांत ३०, ४५, ६० अंशांचे कोन आयते दिलेले असतात, आणि व्यस्त फलनांच्या प्रकरणात कोन शोधायचा तर असतो, पण तो कशासाठी हे सांगितलेले नसते. या दोन्हींच्या मधली पायरी शिक्षकच बांधू शकतात. विषुवदिनाच्या सकाळी विद्यार्थ्यांनी कड्यामागून सूर्य वर येण्याची वेळ टिपावी. पंचांगातील सूर्योदयानंतर किती मिनिटे गेली यावरून कड्याचा कोन काढावा. मग कोनमापक, दोरा आणि दगड घेऊन तोच कोन प्रत्यक्ष मोजावा. दोन उत्तरे जुळली नाहीत, तर का जुळली नाहीत याचा शोध घेणे हा पुढच्या तासाचा विषय.