आईचा फोटू आणि मास्टर्सची डिग्री

‘फोटोग्राफी शिकायला दोन वर्षं? आणि तीही ग्रॅज्युएट झाल्यावर?’

पनवेलच्या एस्. टी. स्टँडसमोर चहा पिताना एका कार्यकर्त्या दोस्ताने मला हे विचारलं. त्याने सकाळीच मोबाईलवर मोर्चाचे दीडशे फोटो काढले होते. ‘आपल्याकडं येवढा टाईम नाय भावा. तू बस शिकत.’ प्रश्न रास्त होता. मी हसण्यावारी नेला. राहिलेलं उत्तर आता देतो.

मित्रहो, आधी पैशाचं बोलू. कलेवरच्या लेखात ते कुणी बोलत नाही. मी पनवेलात एका लग्नाच्या फोटोवाल्याकडे लाईट धरायचो. हळदीचे, वरातीचे, भीमजयंतीच्या मिरवणुकीचे फोटो मारून हात बसला. मुंबईतल्या एका संस्थेत मास्टर्सला नंबर लागला. फ्रीशिपमुळे फी सुटली. पण लेन्स, प्रिंटचा कागद, फ्रेम यांचा रकाना मी भरलेल्या कुठल्याच फॉर्मात नव्हता. वर्गातल्या पोरांच्या खांद्यावर लाखाची बॅग, माझ्याकडे भाड्याचा कॅमेरा. तो संध्याकाळी परत करायचा. म्हणून माझ्या पहिल्या वर्षाच्या एकाही फोटोत रात्र नाही. परीक्षकांना त्यात ‘दिवसाच्या प्रकाशावरची निष्ठा’ दिसली! मी आपली मान हलवली.

मग भाषा. आम्हाला सुझन सोन्टॅग लावली होती. तिचं १९७७ चं फोटोग्राफीवरचं पुस्तक. फोटो घेणं म्हणजे समोरच्यावर ताबा मिळवणं, असं तिचं म्हणणं. वर्गात यावर दोन तास इंग्रजी झडली. मी गप्प. माझी आजी कॅमेरा दिसला की विचारायची, ‘कुठं लावनार हाय त्यो, ते आधी सांग.’ सोन्टॅगचा अर्धा धडा त्या एका वाक्यात आहे. पण वर्गात ते सांगायचं कसं? मराठीत सांगितलं असतं तर ‘लोकजीवन’ म्हणून वहीत टिपून घेतलं असतं.

इतकं असून शिकलो. का, तेही सांगतो.

इतिहासाच्या तासाला ‘द पीपल ऑफ इंडिया’ समोर आलं. १८६८ ते १८७५ या काळात लंडनहून निघालेले आठ खंड. संपादक वॉटसन आणि के. सत्तावन्नच्या उठावाने हादरलेल्या सरकारला आपली रयत ओळखून घ्यायची होती. जातीजमातीचे नमुने उभे केले, बसवले, फोटो चिकटवले. फोटोखाली बहुतेक ठिकाणी माणसाचं नाव नाही, जातीचं किंवा जमातीचं आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली. म्हणजे कॅमेरा या देशात आला तो थोड्याच वर्षांत जातीची नोंदवही भरायला बसला. हे मला लग्नाच्या मांडवात लाईट धरून कधी कळलं नसतं.

आणि दोस्ता, आता तुझे दीडशे फोटो काढ. झेंडे आहेत, मुठी आहेत, गर्दी आहे. खाली काय लिहिलंस? ‘पनवेलमधील विराट मोर्चा.’ पुढच्या रांगेतल्या त्या म्हातारीचं नाव काय? कुठल्या वस्तीतून आली? दहा वर्षांनी कोण सांगणार? वॉटसन आणि के यांनी जात लिहून नाव टाळलं. आपण चळवळ लिहून नाव टाळतो. हेतू वेगळा आहे, मान्य. पण त्या म्हातारीच्या हाती दोन्हीकडून काहीच लागत नाही.

हे मी शहाणपणाने बोलत नाही, मार खाऊन बोलतोय. कला संस्थेत ‘क्रिट’ नावाचा प्रकार असतो. आपण प्रिंट भिंतीला लावायच्या आणि बाकीच्यांनी त्या फाडायच्या. मी आईचा फोटो लावला. ती न्यू पनवेलच्या एका सोसायटीत जिने झाडते. पाठमोरी, वाकलेली, जिन्याच्या जाळीतून पडलेलं ऊन. मास्तर खूश. ‘लाईट मस्त. ब्लॅक अँड व्हाईट कर, कालातीत होईल.’

माझं डोकं सटकलं. कालातीत? म्हणजे माझ्या आईच्या हातातला झाडू कुठल्याच काळात सुटायचा नाही? प्रस्थापितांचं सौंदर्यशास्त्र म्हणतात ते हेच. आपली मजुरी त्यांना संगमरवरासारखी दिसते.

मी भांडायला उभा राहिलो. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, ‘पण हिचा चेहरा कुठाय?’

मी काय बोलणार? मी आईला विचारलंच नव्हतं. ती म्हणाली होती, ‘माझा फोटू काढायचा तर आधी लुगडं बदलू दे.’ मी म्हणालो होतो, नको, नॅचरल पायजे. म्हणजे मास्तरांच्या आधी मीच तिला नमुना केलं होतं. दोन वर्षांत मी जे शिकलो त्यातलं निम्मं त्या पाच मिनिटांतलं आहे. एकट्याने मोबाईलवर फोटो काढून ते पाच मिनिटं मिळत नाहीत. आपल्या फोटोला लोक ‘जय भीम, कडक’ म्हणतात आणि पुढे जातात.

गॉर्डन पार्क्सचं उदाहरण आपल्यात देतात. काळा, गरीब, शाळाही पुरी न केलेला, तरी जगाला माहीत. मग पदवी कशाला? पण नीट बघा. १९४२ साली तो वॉशिंग्टनला गेला तो रोझनवाल्ड फेलोशिपवर. त्याला वेळ मिळाला, पगार मिळाला, सरकारी फोटो-विभागाचा प्रमुख रॉय स्ट्रायकर गुरू म्हणून मिळाला. सरकारी कचेरी झाडणाऱ्या एला वॉटसनला त्याने अमेरिकन झेंड्यासमोर झाडू घेऊन उभं केलं. तो फोटो सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या मते ती घोषणा आहे, जबरदस्त घोषणा. खरं काम त्यानंतरचं आहे. स्ट्रायकरने त्याला पुन्हा तिच्याकडे पाठवलं आणि त्याने तिचं घर, नातवंडं, चर्च असं कितीतरी टिपलं. तिथे ती झाडूवाली राहत नाही, एला वॉटसन होते. आपल्याकडे मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवरचं सुधारक ओलवे यांचं काम या अंगाने बघावं. २०१६ ची पद्मश्री वगैरे ठीक. ते माणसाजवळ किती वर्षं थांबले, ते बघा.

थांबायला पैसा लागतो. म्हणून स्कॉलरशिपचा प्रश्न हा कलेचाच प्रश्न आहे. २०२२ साली केंद्राने परदेशी शिक्षणाच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीला अट घातली की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय चालणार नाहीत. म्हणजे पनवेलच्या पोराने लंडनला जाऊन लंडनच्या खिडक्यांवर संशोधन करावं, आईच्या जिन्यावर नाही. बाबासाहेबांनी मे १९१६ मध्ये कोलंबियात निबंध वाचला तो भारतातल्या जातींवर. बडोद्याच्या शिष्यवृत्तीला ही अट असती तर?

तेव्हा दोस्ता, जायचं तर जा. दिल्लीत जामिया आहे, गांधीनगरला एन्. आय. डी. आहे, फॉर्म भर. व्हॅलिडिटीचे कागद आधी करून ठेव. आणि मोर्चाच्या फोटोमागे नावं लिहायला आजच लाग, त्याला डिग्री लागत नाही.

आईचा फोटो मी परत काढला. तिने मोरपंखी लुगडं नेसलं, हातात पर्स घेतली आणि जागाही तिनेच ठरवली: पनवेल स्टेशनचा पूल. सरळ लेन्सकडे बघत उभी राहिली, रंगीत. मास्तरांनी मार्क बेताचेच दिले, म्हणाले स्टुडिओ फोटोसारखा वाटतो. वाटतोच. आईने त्याच्या चार कॉप्या मागितल्या. एक भिंतीला, एक मावशीला, एक पेटीत. चौथीतला चेहरा कात्रीने कापून तिने बँकेच्या फॉर्मला लावला.