कर्त्यावाचून वाक्य

'वृत्तपत्रे आणि सामाजिक प्रश्न' या विषयावर वसईतील एका धर्मग्रामाच्या सभागृहात झालेल्या परिसंवादास आम्ही उपस्थित होतो. गर्दी बरी होती, वक्ते अभ्यासू होते. सूर मात्र सर्वांचा एकच, की आमच्या प्रश्नांना वृत्तपत्रांत जागा मिळत नाही. ही तक्रार खोटी नाही, तशी नवीही नाही. १९२० साली 'मूकनायक' सुरू करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तत्कालीन पत्रांच्या जातिनिष्ठेवर नेमके बोट ठेवले होते. पण ते तक्रारीवर थांबले नाहीत; त्यांनी स्वतःचे पत्र काढले. आमचे वक्ते रकान्यांची लांबी मोजीत राहिले. छापून आलेली एकही बातमी दोन तासांत कोणी वाचून दाखविली नाही. कवितेवर बोलताना कविता समोर ठेवावी लागते. बातमीला हा नियम का नसावा?

विषयाला हात घातला तो श्रोत्यांतील एका शिक्षिकेने. विरारला एप्रिल २०२४ मध्ये एका निवासी संकुलाच्या सांडपाणी प्रकल्पात उतरलेले चार कामगार मृत्यू पावले, त्याचे स्मरण देऊन तिने विचारले, "अशा बातमीत माणसे कशाने मेली ते कळते. त्यांना आत कोणी पाठविले, ते का कळत नाही?" बातमीदारांना वेळ नसतो, असे उत्तर व्यासपीठावरून मिळाले.

हे उत्तर आम्हांला पटले नाही. 'टाकीत गुदमरून कामगारांचा मृत्यू' हा मथळ्याचा ठरलेला साचा. त्यात टाकी आहे, वायू आहे, मृत्यू आहे. माणसे उतरविणारा कर्ता तेवढा नाही. वस्तुतः सुरक्षासाधने न देता माणसाला गटारात वा मैल्याच्या टाकीत उतरविणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पुराव्यावाचून कोणावर ठपका ठेवू नये, हे मान्य. परंतु ठेका कोणाचा, साधने दिली होती काय, हे विचारणे म्हणजे ठपका नव्हे. गटारातील मृत्यूसाठी भरपाईची रक्कम सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख व २०२३ मध्ये तीस लाख ठरविली. ही एक ओळ बातमीखाली छापली, तर मृताच्या विधवेला ती अग्रलेखाहून उपयोगी पडेल.

व्यासपीठाची अडचण वेळेची नसावी, असा आमचा संशय आहे. सभागृहातील कितीतरी मंडळी गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी. टाकी तुंबली की एक फोन करायचा, माणसे येतात; ती कशी उतरतात हे गच्चीवरून कोण पाहतो? कर्ता शोधू लागलो तर तो पहिल्या रांगेतच सापडायचा.

पुढील परिसंवाद पावसाळ्यापूर्वी घेण्याचा आयोजकांचा मानस आहे. त्या वेळी वक्त्यांनी कात्रणे आणावीत, आणि पदाधिकाऱ्यांनी आपापल्या संस्थेच्या टाकीसफाईचे करारपत्र.