एका कळीचा प्रश्न

'सी' भाषेंत आज्ञावली रचावयास शिकविणारीं पुस्तकें महाराष्ट्रांतील विद्यार्थ्यांस नवीं नाहींत, नागपूरच्या श्री. यशवंत कानेटकर यांचें 'लेट अस सी' हें तर सर्वपरिचितच आहे. या वाङ्मयाच्या उपकारांविषयीं आमचें दुमत नाहीं. परंतु बोर्लंड कंपनीच्या 'टर्बो सी' (१९८७) या साधनाबरोबर वर्गावर्गांतून जी एक लकब रूढ झाली, तिचा परामर्श घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

आज्ञावली संपतांच उत्तराचा पडदा नाहींसा होई. तो क्षणभर थांबावा म्हणून शेवटीं 'गेटच' ही ओळ लिहावयाची. कोणतीही एक कळ दाबली, कीं काम पुढें सरके. एंटरची वाट पाहावयास नको. पडदा थोपविण्याची ही युक्ति पुढें प्रश्नोत्तराची रीत होऊन बसली. वस्तुतः १९८९ च्या प्रमाण 'सी'मध्यें 'गेटच' नाहींच. युनिक्स पद्धतींत एंटर दाबीपर्यंत सर्व ओळ राखून ठेवली जाते व तोंवर चूक सुधारतां येते. हा निर्बंध मुद्दाम सैल करावा लागतो आणि काम होतांच पूर्ववत् न केल्यास टंकलेलीं अक्षरेंही पडद्यावर उमटेनाशीं होतात. पानें उलटण्यास किंवा खेळास एक कळ शोभते. नोंद पुसण्याच्या प्रश्नास मात्र एंटरचा विलंब हाच उपकारक, असें आमचें मत आहे.

पण खरा दोष याहून खोल आहे. समजा, केज तालुक्यांतील युसूफ वडगांवीं एखाद्या विद्यार्थ्यानें वडिलांच्या दुकानाच्या खातेवहीसाठीं लिनक्सवर आज्ञावली रचली आणि 'ही उधारी पुसावी काय?' या प्रश्नास मराठींतच 'ह' किंवा 'न' असें एका कळीचें उत्तर मागितलें. मागणी किती रास्त! तथापि यूटीएफ-८ या संकेतांत 'ह' म्हणजे २२४, १६४, १८५ आणि 'न' म्हणजे २२४, १६४, १६८, असे तीन तीन बाइट होत. एकच बाइट उचलणाऱ्या आज्ञावलीस होकार व नकार दोन्ही २२४ च दिसतात! उरलेले दोन बाइट पुढल्या प्रश्नाचें उत्तर म्हणून वाचले जातात, तें वेगळेंच. इंग्रजी 'वाय' आणि 'एन' यांस हें संकट नाहीं, कारण त्यांस एकेकच बाइट पुरतो. देवनागरी अंकांची गतही 'ह'सारखीच; आणि 'क्ष' तर नऊ बाइटांचा.

एक कळ म्हणजे एक अक्षर हा समज इंग्रजीपुरताही पुरता खरा नव्हताच. बाणाची कळ दाबली असतां 'टर्बो सी'तील 'गेटच' प्रथम शून्य देई व खरा संकेत दुसऱ्या खेपेस. जुन्या शिक्षकांस हें ठाऊक होतें. तरीही मराठी अक्षर मागतांना तें ध्यानांत ठेवण्याचें अगत्य कोणास वाटलें नाहीं, याचा आम्हांस विषाद वाटतो. उपाय अवघड नाहीं. २२४ हा पहिला बाइटच पुढें आणखी दोन येणार असें सांगतो. तेवढे वाचून मग तुलना करावी, हें पांचसहा ओळींचें काम. पाठ्यपुस्तककारांनीं पुढील आवृत्तींत 'गेटच'च्या शेजारींच त्या ओळी छापाव्या.