दृश्य, दावा आणि दाखला : स्वच्छ ऊर्जेविषयीच्या समाजमाध्यमी संवादाची चिकित्सा

प्रस्तावना

विजेला रंग नाही, रूप नाही. तारेतून वाहणारी वीज कोळशाची की वाऱ्याची, हे दिव्याखाली बसलेल्या माणसाला कळत नाही. मागणी व पुरवठ्याचा क्षणोक्षणीचा मेळ, साठवणूक, वहनातील गळती, दर हे ऊर्जेचे सर्व महत्त्वाचे प्रश्न आकड्यांत वावरतात. त्यांचे छायाचित्र काढता येत नाही. समाजमाध्यमांचा व्यवहार मात्र मुख्यतः दृश्यावर चालतो. स्वच्छ ऊर्जा आणि शाश्वत विकास यांविषयीच्या आजच्या लोकसंवादाच्या मुळाशी हा स्वभावविरोध आहे.

समाजमाध्यमांविषयी सामान्यतः दोन टोकांची मते मांडली जातात. एका मते ती ज्ञानाच्या लोकशाहीकरणाची साधने होत, तर दुसऱ्या मते अफवांचे आगर. या दोन्ही मतांनी संवादाचे नेमके स्वरूप उलगडत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात दृश्य, दावा आणि दाखला या तीन संज्ञांच्या आधारे चार प्रसंगांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. दृश्य म्हणजे डोळ्यांसमोर येणारे चित्र वा चित्रफीत. दावा म्हणजे त्यातून काढलेला निष्कर्ष. आणि दाखला म्हणजे तो निष्कर्ष तपासता येईल असा अहवाल, मोजमाप वा दस्तऐवज. दृश्यापासून दाखल्यापर्यंतची वाट खुली आहे की नाही, यावर संवादाची गुणवत्ता ठरते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. दृश्य परके, दावा सोयीचा : टेक्सास, २०२१

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात हिमवादळाने वीजव्यवस्था कोलमडली. सुमारे ४५ लाख घरे व आस्थापने अंधारात गेली आणि राज्याच्या अधिकृत गणनेनुसार २४६ जणांचा मृत्यू झाला. त्याच दिवसांत गोठलेल्या पवनचक्कीवर हेलिकॉप्टरमधून फवारा मारला जात असल्याचे एक छायाचित्र समाजमाध्यमांवर पसरले. पवनऊर्जेच्या नादी लागल्यामुळेच राज्य अंधारात बुडाले, असा दावा त्यासोबत होता. प्रत्यक्षात ते छायाचित्र स्वीडनमधील आणि काही वर्षांपूर्वीचे होते.

छायाचित्र परके निघाले म्हणून प्रश्न संपत नाही. टेक्सासमधील काही पवनचक्क्या खरोखरच गोठल्या होत्या. म्हणजे दाव्यात सत्याचा अंश होता. हरवले होते ते प्रमाण. अमेरिकेच्या संघीय ऊर्जा नियामक आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ मधील संयुक्त अहवालानुसार, त्या काळात अनपेक्षितपणे बंद पडलेल्या वा क्षमता घटलेल्या वीजनिर्मिती संचांपैकी ५८ टक्के नैसर्गिक वायूवर चालणारे होते, तर पवनऊर्जेचे २७ टक्के. वायूच्या विहिरी, नळ व संयंत्रे गोठली; त्यांना थंडीपासून पुरेसे संरक्षण नव्हते. परंतु गोठलेल्या नळात पाहण्यासारखे काय असते? पवनचक्कीचे पाते मात्र दूरवरून दिसते. दोष कोणाच्या माथी मारावा, हे येथे चित्रणीयतेने ठरवले. दाखला आला तो नऊ महिन्यांनी, आणि तोवर दाव्याने आपले काम केले होते.

२. दृश्य खरे, दावा अवाजवी : पुणे, २०२२

दि. २६ मार्च २०२२ रोजी पुण्यातील लोहगाव भागात रस्त्याकडेला उभी असलेली एक विद्युत स्कूटर पेटली. तिची चित्रफीत काही तासांत देशभर पोहोचली. हे दृश्य अस्सल होते. तथापि त्यातून ‘विद्युत वाहने म्हणजे चालते बॉम्ब’ असा जो दावा निघाला, त्याला त्या एका चित्रफितीचा आधार पुरेसा नव्हता. पेट्रोलची वाहनेही पेटतात. पण ती घटना ओळखीची असल्याने तिची बातमी होत नाही. किती वाहनांमागे किती आगी, हा भागाकार चित्रफितीत सामावत नाही.

असे असूनही या प्रसंगाचे मूल्यमापन निव्वळ प्रतिकूल करता येणार नाही. पुण्यातील आणि त्याच सुमारास अन्यत्र घडलेल्या आगींची केंद्र शासनाने चौकशी सुरू केली. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी एप्रिलमध्ये, हलगर्जी करणाऱ्या कंपन्यांवर दंडात्मक कारवाई करण्याचा इशारा ट्विटरवरूनच दिला. संबंधित कंपनीने १,४४१ स्कूटर तपासणीसाठी परत मागवल्या. अन्य उत्पादकांनीही तसेच केले. बॅटरीच्या सुरक्षेची मानके कडक करण्यात आली आणि ती डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाली. दावा अवाजवी असला तरी दृश्याने व्यवस्थेला दाखला निर्माण करण्यास भाग पाडले. टेक्सास आणि पुणे यांतील फरक केवळ खऱ्याखोट्याचा नाही. एका ठिकाणी दृश्याने प्रश्न मिटवला, दुसऱ्या ठिकाणी तो उघडला.

३. दृश्याकडून दाखल्याकडे : मोले, २०२०

गोवा व कर्नाटक यांच्या सीमेवरील मोले येथील राष्ट्रीय उद्यान आणि भगवान महावीर अभयारण्य यांतून महामार्गाचे रुंदीकरण, लोहमार्गाचे दुपदरीकरण आणि ४०० किलोव्होल्ट क्षमतेची वीजवाहिनी असे तीन प्रकल्प जाणार होते. त्यांविरुद्ध २०२० च्या टाळेबंदीच्या काळात ‘आमचे मोले’ ही मोहीम उभी राहिली. सभा घेणे अशक्य असताना चित्रकारांनी रेखाटलेले पशुपक्षी, नकाशे आणि छोट्या चित्रफिती यांतून ती इन्स्टाग्रामवर पसरली.

या मोहिमेचे वेगळेपण असे की, तिच्यातील चित्रे प्रकल्पांच्या कागदपत्रांकडे बोट दाखवत होती. चित्र पाहून आलेला वाचक पर्यावरणीय आघाताच्या अहवालातील त्रुटींपर्यंत, तेथून शासनाला पाठवायच्या पत्रापर्यंत जाई. विषय पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीपुढे गेला. समितीने एप्रिल २०२१ च्या अहवालात वीजवाहिनीसाठी जंगलात नवा पट्टा न तोडता अस्तित्वातील वाहिनीचाच मार्ग वापरावा, असे सुचवले. दि. ९ मे २०२२ रोजी न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या लोहमार्गाच्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मान्यता रद्द केली. मात्र सखोल अभ्यासानंतर नव्याने प्रस्ताव मांडण्यास रेल्वेला मुभा ठेवली.

येथे ऊर्जेच्या संवादाच्या दृष्टीने एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सौर व पवनऊर्जेचा विस्तार नव्या वीजवाहिन्यांवाचून होणार नाही. तेव्हा ‘वाहिनी हवी की जंगल हवे’ हा प्रश्नच अपुरा ठरतो. ती कोणत्या मार्गाने जावी, हा खरा प्रश्न होय. चित्र पहिला प्रश्न विचारू शकते. दुसऱ्याचे उत्तर नकाशा व अहवाल घेऊन बसलेल्या समितीलाच देता आले.

४. दृश्याआडचा व्यवहार : सौर पंपांचे संदेश

आतापर्यंतचे तिन्ही प्रसंग उघड्या मंचावरचे आहेत. ग्रामीण महाराष्ट्रातील संवाद मात्र बहुतांशी व्हॉट्सॲपच्या बंद गटांत चालतो. केंद्राची पीएम-कुसुम योजना २०१९ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात तिच्याअंतर्गत सौर कृषिपंपासाठी सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला ५ टक्के वाटा भरावा लागतो. नोंदणी शुल्काच्या नावाखाली पैसे उकळणारी बनावट संकेतस्थळे निघाली आणि त्यांविषयी नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला वारंवार सावधगिरीच्या सूचना प्रसृत कराव्या लागल्या.

उघड्या मंचावरचे असत्य निदान कोणीतरी पाहतो आणि खोडतो. बंद गटातील संदेशाला ती संधी नाही. तो भावकीतल्या, ओळखीच्या माणसाकडून येतो. त्याची विश्वासार्हता पाठवणाऱ्याच्या नात्यातून येते, मजकुरातून नव्हे. संदेश पुढे पाठवण्यावर व्हॉट्सॲपने २०१८ पासून मर्यादा घातल्या. त्यामुळे वेग कमी होतो, परंतु मजकूर तपासला जात नाही. फसवल्या गेलेल्या शेतकऱ्याचा विश्वास मग एका संकेतस्थळापुरता उडत नाही. ‘सौर’ या शब्दावरचाच उडतो. स्वच्छ ऊर्जेच्या प्रसाराला यापेक्षा मोठी हानी कोणती?

५. दाखल्याची भाषा

या चारही प्रसंगांतून एक समान अडसर पुढे येतो. दृश्याला भाषांतर लागत नाही. दाव्याचे भाषांतर कोणीही चुटकीसरशी करतो. दाखला मात्र इंग्रजीतच राहतो. पुण्यात स्कूटर पेटली आणि वाहनांच्या सुरक्षेची मानके प्रसिद्ध करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनही पुण्यातच आहे. परंतु ती मानके इंग्रजीत आहेत. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या २०२० च्या अधिसूचनेचा मसुदा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत उपलब्ध करण्याचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाला ३० जून २०२० रोजी द्यावा लागला, ही बाब पुरेशी बोलकी आहे. मसुद्यावर हरकती मागवायच्या आणि तो वाचता येऊ द्यायचा नाही, या विसंगतीत समाजमाध्यमांचा काही दोष नाही. मराठी वाचकाच्या हाती दावा मराठीत आणि दाखला परभाषेत येत असेल, तर तो दाव्यावर विश्वास ठेवतो, याचे नवल वाटू नये.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, समाजमाध्यमे स्वच्छ ऊर्जेविषयीचा संवाद सुरू करण्यास समर्थ आहेत, तो तडीस नेण्यास नाहीत. चौकशी करणारी यंत्रणा, वाचता येणारा दस्तऐवज आणि तो वाचण्याची सवय असलेला नागरिक या तिन्हींचा आधार मिळाला तेथे दृश्याने लोकहित साधले. तो नव्हता तेथे दृश्य दाव्याचे हत्यार बनले.

यातील तिसऱ्या घटकाची जबाबदारी महाविद्यालयांना टाळता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार पर्यावरण अभ्यास हा विषय सर्व शाखांच्या पदवी अभ्यासक्रमात अनिवार्य झाला. तो बहुतांश ठिकाणी व्याख्या पाठ करण्यापुरता उरला आहे, हे आपण सर्व अध्यापक जाणतो. त्याच तासिकेत एखादी फिरणारी चित्रफीत घेऊन ती कोठली, केव्हाची, कितीपैकी किती आणि हे कोठे लिहिले आहे, असे चार प्रश्न विचारता येतील. एखाद्या अहवालाची दोन पाने विद्यार्थ्यांकडून मराठीत आणवता येतील. हे काम लहान आहे. परंतु विद्यार्थ्याच्या खिशातील दूरध्वनी रोज नवे दृश्य देत असताना दाखला मागण्याची सवय त्याला दुसरे कोणी लावणार नाही.